गाल भरून घेण्यापूर्वी

मुलीच्या लग्नाची तारीख ठरते, साड्या-दागिन्यांची धावपळ सुरू होते आणि आईचं लक्ष अचानक आरशाकडे जातं. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत उतरलेल्या रेषा, खोल गेलेले डोळे, बसलेले गाल. त्यातच पार्लरवाली सांगते, "काकू, दोन इंजेक्शनं घ्या, दहा वर्षांनी लहान दिसाल!"

काकूंनी इथे जरा थांबायला हवं. हे पार्लरचं काम नाही. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनचं आहे.

वयाबरोबर चेहऱ्यातली चरबी कमी होते, खाली सरकते. फिलरनं ही पोकळी भरतात. त्यात बहुधा हायल्युरॉनिक अॅसिडचं जेल असतं. हा पाणी धरून ठेवणारा पदार्थ आपल्या त्वचेतही असतो. एका सिरिंजमध्ये साधारण १ मिलिलीटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा! परिणाम बहुधा सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. नाही आवडला, तर हायल्युरॉनिडेज या औषधानं जेल विरघळवता येतं.

दुसरा उपाय आपल्याच चरबीचा. पोटावरची किंवा मांडीवरची चरबी बारीक नळीनं काढून, स्वच्छ करून चेहऱ्यात भरतात. कल्पना जुनीच आहे. १८९३ साली न्यूबर या जर्मन सर्जननं दंडातली चरबी चेहऱ्यावरच्या व्रणाखाली भरली होती. चरबी स्वतःची असल्यानं अॅलर्जीची भीती नाही, पण तिचा भरवसाही नाही. जिला नव्या जागी रक्तपुरवठा मिळतो ती जगते, बाकीची शरीर शोषून घेतं. किती उरली हे कळायला काही महिने लागतात, कधी पुन्हा भरावी लागते. जास्त झाली तर ती विरघळवणारं इंजेक्शन नाही. पुढे वजन वाढलं, तर गालही वाढतात. 'त्वचा नव्यानं तरुण होते' ही जाहिरात मात्र पुराव्याच्या फार पुढे पळणारी आहे.

खरा धोका सुईचा. फिलर असो वा चरबी, ती चुकून रक्तवाहिनीत गेली तर तिथली त्वचा मरू शकते. क्वचित दृष्टीही जाते. नाक आणि दोन भुवयांमधली जागा सर्वांत नाजूक. टोचल्यावर कातडी पांढरी पडली, जाळीसारखे निळसर डाग उमटले, असह्य दुखलं किंवा अंधुक दिसू लागलं, तर 'सकाळी बघू' म्हणू नका. त्याच क्षणी डॉक्टरांकडे जा. म्हणूनच आधीच विचारा: विरघळवणारं औषध दवाखान्यात ठेवलेलं आहे का?

खोकं आपल्यासमोर उघडायला सांगा, बॅच नंबरचं लेबल जपून ठेवा. गर्भवती किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हे टाळावं. अॅस्पिरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका.

राहिला लग्नाचा मुहूर्त. फिलरची सूज आणि काळं-निळं उतरायला एक-दोन आठवडे लागू शकतात, तेव्हा महिनाभर तरी हाताशी ठेवा. चरबी भरायची असेल तर काही महिने. हळदीच्या आदल्या आठवड्यात तर सुईचं नावसुद्धा नको.