उर्दू येते, तरी कुरआन वाचताना चूक का?

पालकांची एक तक्रार नेहमी ऐकू येते : "मुलगी उर्दू छान वाचते, मग कुरआन वाचताना उस्ताद सारखे का अडवतात?"

कारण उर्दूतच आहे. से, सीन, स्वाद ही उर्दूत अक्षरे तीन, पण आवाज एकच 'स'. ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोए ही चार, आवाज एकच 'ज़'. अरबीत मात्र यातल्या प्रत्येकाचा उच्चार वेगळा आहे. ओळखीचे अक्षर दिसले की मूल सवयीने उर्दूचाच आवाज देते. 'सवाब' हा शब्द 'से'ने लिहिला तर पुण्यफळ, 'स्वाद'ने लिहिला तर योग्य, बरोबर. उर्दूत दोन्ही सारखे ऐकू येतात, अरबीत नाही.

उर्दूची मदतही मोठी आहे. ख़, ग़, फ़ हे आवाज मराठीत नाहीत. ते उर्दूमुळे आधीच जिभेवर असतात. क़ाफचे मात्र घरावर अवलंबून. दखनी बोलणाऱ्या घरांत 'क़लम'चे 'ख़लम' होते, मराठी वळणाच्या घरांत 'कलम'. पण अरबीत 'क़ुल' म्हणजे 'सांग' आणि 'कुल' म्हणजे 'खा'. सूरह देवनागरीतून पाठ केल्या, तर असे फरक बहुधा डोळ्यांनाही दिसत नाहीत.

मग मुलांना हे जमेल का? जरूर जमेल. मराठीत 'चहा'चा च आणि 'चाक'चा च वेगळा. अक्षर एकच, तरी मराठी घरातले मूल कधी गोंधळत नाही, कारण ते लहानपणापासून ऐकलेले असते. म्हणजे आधी कान, मग जीभ.

घरी एवढे करा. चांगल्या कारीच्या आवाजात 'से' आणि 'सीन' असलेले शब्द ऐकवा. आवाज एकच की वेगळा, एवढेच मुलाने सांगायचे. फरक कानाला कळू लागला की आरसा द्या : अरबी 'से' म्हणताना जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागलेले दिसते, 'सीन'ला दिसत नाही. आठवड्याला एकच जोडी, रोज पाच मिनिटे. पक्के मात्र उस्तादांकडूनच करून घ्या.

आणि रागावू नका. अडखळत, कष्टाने कुरआन वाचणाऱ्याला दुहेरी सवाब आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. मुलांना हेही सांगा.