तोफांच्या शेजारचा माळढोक



मागच्या महिन्यात आपल्या मंडळाच्या युवा गटात एक चर्चा झाली. विषय होता, 'देशाची सुरक्षा आधी की वन्यजीव आधी?' दोन तट पडले आणि आवाजही चढले. एकजण म्हणाला, "काका, शत्रू सीमेवर उभा असताना पक्ष्यांचं काय घेऊन बसायचं?" लगेच एका मुलीने विचारलं, "सैन्याला दुसरं मैदान मिळेल. गेलेला पक्षी कुठून आणणार?" दोघांचंही म्हणणं मला पटलं. पण खरी परिस्थिती या 'आधी की नंतर'मध्ये बसत नाही, म्हणून हा लेख.

आपण ग्वाल्हेरवाले ज्याला सोनचिरैया म्हणतो, तोच सोलापूरकडचा माळढोक. उंची जवळपास मीटरभर, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत. मादी उघड्या माळावर, जमिनीवरच अंडं घालते, तेही बहुधा एकच. १९६९ मध्ये देशभरात असे सुमारे १२६० पक्षी असावेत असा अंदाज होता. आता दीडशेच्या आसपास उरले आहेत, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या परिसरात आहेत.

आपल्या भागात तो का उरला नाही? शिवपुरी जिल्ह्यातलं करैरा आणि ग्वाल्हेरजवळचं घाटीगाव, ही दोन्ही अभयारण्यं १९८१ साली याच पक्ष्यासाठी झाली. करैऱ्यात अभयारण्याच्या हद्दीत गावंच्या गावं आली. शेतकऱ्याला स्वतःची जमीन विकणं अवघड झालं. काळवीट वाढले आणि उभ्या पिकात शिरू लागले. ज्या पक्ष्यामुळे हे सगळं मागे लागलं, त्याच्याबद्दल गावाला प्रेम कुठून वाटणार? १९९० च्या दशकात तो करैऱ्यातून नाहीसा झाला आणि पुढे ते अभयारण्यही रद्द झालं. महाराष्ट्रातही तसंच. नान्नजसह सोलापूर-नगरकडचं माळढोक अभयारण्य कागदावर तब्बल ८४९६ चौरस किलोमीटरचं होतं. त्यात शेतं, रस्ते, बाजाराची गावं, सगळंच होतं. शेवटी २०१२ च्या सुमारास ते १२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं.

आता पोखरणकडे या. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे हे नाव सगळ्यांना पाठ आहे. तिथे सैन्याची मोठी फायरिंग रेंज आहे. तोफा, रणगाडे, क्षेपणास्त्रं, सगळ्याचा सराव तिथे चालतो. आणि राजस्थानात माळढोक ज्या मोजक्या ठिकाणी टिकून आहे, त्यातलं एक हीच रेंज आहे! दुसरं महत्त्वाचं ठिकाण म्हणजे राष्ट्रीय मरु उद्यान.

हे कसं काय? उत्तर सोपं आहे. रेंजमध्ये नांगर फिरत नाही, वस्ती वाढत नाही, उठसूट कुणी आत जात नाही. माळढोकाला जंगल नको असतं, त्याला मोकळा, शांत माळ हवा असतो. सरकारी कागदपत्रांत माळाची नोंद बहुतेक वेळा 'पडीक' अशीच होते, म्हणून तो कशासाठीही देऊन टाकता येतो. रेंजमधला माळ मात्र कुणाला देता आला नाही, म्हणून तो राहिला.

म्हणजे सैन्याला जमीन दिली की पक्षी वाचले, असं समजू नका. गोळ्याने गवत पेटतं, आणि जमिनीवरच्या अंड्याला रणगाडा काय, जीप काय, सारखीच. अंदमान समुद्रातल्या नारकोंडम बेटाचंही उदाहरण घ्या. जेमतेम सात चौरस किलोमीटरचं हे बेट. तिथला धनेश जगात दुसरीकडे कुठेही नाही. तटरक्षक दलाच्या रडार केंद्राला २०१२ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने नकार दिला आणि २०१४ मध्ये होकार. शिवाय रेंजसाठी माणसांनाही किंमत मोजावी लागते. नगरजवळच्या के. के. रेंजसाठी आणखी जमीन जाणार या नुसत्या शक्यतेनेही तिथल्या शेतकऱ्यांची झोप उडाली होती.

मग तोल साधतो कसा? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या फोर्ट ब्रॅग तळावर एका दुर्मीळ सुतारपक्ष्यामुळे १९९० च्या सुमारास सरावावर बंधनं आली. सैन्य चिडलं, पण पुढे मार्ग निघाला. तळाबाहेरच्या खासगी जमिनींवरचं पाइनचं जंगल राखण्यासाठी सैन्यानेच पैसे घातले. बाहेर पक्ष्याला जागा मिळाली, तशी आतली बंधनं सैल झाली. तिथली संख्या २००६ मध्ये ठरलेल्या उद्दिष्टापर्यंत पोचली.

मला यातलं 'बाहेर' सर्वात महत्त्वाचं वाटतं. कारण माळढोकाला रेंजची हद्द कळत नाही. तो उडत बाहेर येतो आणि विजेच्या तारांवर आदळतो. डोळे डोक्याच्या बाजूला असल्याने समोरची तार त्याला उशिरा दिसते, आणि एवढं वजन घेऊन पटकन वळता येत नाही. वन्यजीव संस्थेच्या अंदाजाने थरमध्ये वर्षाला अठरा माळढोक असे मरतात. दीडशेतले अठरा! तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण तिकडे सौरऊर्जाही हवीच आहे.

तेव्हा माझं मत असं. विणीच्या दिवसांत, म्हणजे उन्हाळा-पावसाळ्यात, रेंजच्या ज्या भागात अंडी घातली जातात तो भाग सरावातून वगळावा. वन खात्याच्या माणसांना ठरलेल्या दिवशी आत जाऊन मोजणी करू द्यावी. आणि रेंजभोवतीच्या गावांना माळ राखण्याचा मोबदला मिळावा, म्हणजे करैऱ्यासारखं होणार नाही. यातल्या कशानेही सीमा उघडी पडत नाही.

हे तातडीचं का? जैसलमेरजवळ सम आणि रामदेवरा इथे कृत्रिम प्रजननाची केंद्रं आहेत. २०२४ मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही जन्मलं. उद्या ही पिल्लं मोठी होतील, आणि त्यांना सोडायला माळ लागेल. तो माळ आज राखला नाही, तर सोनचिरैया पिंजऱ्यातच राहील.

युवा गटाची पुढची चर्चा ठेवाल तेव्हा विषय थोडा बदला: 'ग्वाल्हेरच्या माळावर सोनचिरैया परत आणायची, तर गावकऱ्यांना काय द्यावं लागेल?' मी नक्की येईन.