भोंगा नसलेला कारखाना

त्या रात्री मी डॉक्टरची कॉलर धरली होती. खोटं कशाला सांगू?

तारापूर एमआयडीसीत माझ्याबरोबर ठेक्यावर असलेल्या पोराच्या हातावर गरम केमिकल उडालं. ठेकेदारानं रिक्षात कोंबलं आणि हात झटकले. आम्ही गाठला सरकारी दवाखाना. डॉक्टर आमच्याच वयाचा. जखम बघून म्हणाला, "पुढं न्यावं लागेल." माझं डोकं सटकलं. पण गडी प्रतिकारच करेना. डोळ्यांत भीती नाही, राग नाही, काहीच नाही. सिस्टर मध्ये पडली. "सोड रे बाबा. काल सकाळपासून उभा आहे तो. रिलीव्हर आलाच नाही."

कॉलर सोडली. ती रात्र मला सोडत नाही.

दोस्तहो, ह्या विझण्याला इंग्रजी नाव आहे, बर्नआउट. त्यावर उपदेश काय, तर योगा करा, श्वास मोजा. म्हणजे खोट डॉक्टरच्या मनात, दवाखान्यात नाही! जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली स्वच्छ सांगितलं, हा आजार नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण वर्षानुवर्षं तसाच राहू दिला की माणसाचं हे होतं.

मग ते ठिकाण बघा. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला. पाटी बदलली. मोखाड्याची अडलेली बाळंतीण, हायवेवरचा अपघात, शेतात साप चावलेला, आमचा भाजलेला, सगळे सरकारी दारात. आत स्पेशालिस्ट नसला की धाडा वलसाडला, सिल्वासाला, मुंबईला. काय करायला हवं ते डोक्यात पक्कं, आणि हातात काही नाही. माणूस नुसत्या कष्टानं मोडत नाही, असल्या लाचारीनं मोडतो. वर शिव्या आमच्या. मंत्री थोडाच सापडतो कॉलर धरायला!

तासांचा हिशेब तर बघाच. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, 1946 साली, कारखान्याचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आला. आमचा ठेकेदार आजही तास चोरतो. पण त्याला चोरी म्हणायला कायदा आहे. निवासी डॉक्टरांसाठी केंद्राच्या 1992 च्या योजनेत लिहिलंय, सलग ड्युटी 'साधारणपणे' बारा तासांपेक्षा जास्त नको. त्या एका 'साधारणपणे'त छत्तीस-छत्तीस तास वाहून गेले. 2024 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलानं आठवड्याला 74 तासांची मर्यादा सुचवली. गिरणीतल्या मजुराला 1946 साली 48, डॉक्टरला 2024 साली 74. तीही नुसती शिफारस! ही झाली मेडिकल कॉलेजांची गोष्ट. तालुक्याच्या गावी डॉक्टर एकटाच असला, तर भोंगा वाजवायचा कुणासाठी?

आणि आपलं पोर डॉक्टर झालं तर? 22 मे 2019 ला मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये एम.डी. करणाऱ्या, आदिवासी समाजातल्या डॉ. पायल तडवीनं जीव दिला. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा गुन्हा दाखल झाला. जागरण सगळ्यांनाच, 'कोट्यातून आलेत' हा टोमणा फक्त आपल्याला. रात्रपाळीच्या थकव्यावर झोप हा उतारा आहे. ह्यावर कुठली गोळी?

आता डॉक्टरसाहेब, तुमचंही ऐका. तुमच्या वॉर्डात ठेक्यावर झाडू मारणारी बाई आहे. तिलाही रिलीव्हर नसतो. तुम्ही तिला 'ए बाई' म्हणता. तुमचा संप वेगळा, तिचा वेगळा. गळ्यात स्टेथोस्कोप आला म्हणून माणूस मालक होत नाही. तास विकणारा कामगारच, हे तुम्ही मान्य करत नाही, तोवर तुमचे तास फुकटच जाणार.

रिकाम्या जागा भरा. तास ठरवा आणि ते कायद्यानं पाळायला लावा. जातीचा टोमणा मारणाऱ्याला खुर्चीवरून खाली खेचा. ही भीक नव्हे. अठ्ठेचाळीस तासांचा आठवडाही कुणी भीक म्हणून दिलेला नव्हता.

मित्रांनो, त्या डॉक्टरची मी माफी मागितली नाही. कॉलर चुकीची होती, एवढं इथं लिहून देतो. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर, ती झाडूवाली बाई आणि आपण, तिघांनी मिळून एकच सवाल वरच्यांना विचारायचा:

रिलीव्हर कुठाय?