अकरा सेंटिमीटरची लढत

१६.३८ मीटर, १६.३२ मीटर, १६.२७ मीटर. पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये ४ सप्टेंबर २०२४ ला एफ-४६ गटातल्या पुरुषांच्या गोळाफेकीत सुवर्ण आणि कांस्य यांच्यात अवघं अकरा सेंटिमीटरचं अंतर होतं. मधला आकडा आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीचा. दुसऱ्याच फेकीत त्यानं आशियाई विक्रम केला. मग कॅनडाचा ग्रेग स्टुअर्ट सहा सेंटिमीटरनं पुढं गेला आणि ती दरी शेवटपर्यंत बुजली नाही. इतकी चुरस गोळाफेकीत क्वचितच बघायला मिळते.

आपल्याकडे मात्र बोलबाला झाला तो सचिनच्या हाताचा. शाळकरी वयात सायकलवरून पडणं, गँगरीन, शस्त्रक्रिया. हे खरं आहे आणि सांगावं असंही आहे. पण आपण तेवढं ऐकून डोळे पुसतो आणि उठून जातो. खेळ बघायचा राहूनच जातो. गोळा सुटण्याच्या क्षणी मोकळा हात अंगाशी झटक्यात ओढला की छाती उघडते, खांद्याला वेग मिळतो. तो हातच पुरती साथ देत नसेल तर वेग पायांतून आणि कमरेतून काढावा लागतो. सचिननं तो कसा काढला, हे मला समालोचकाकडून ऐकायचं आहे.

बॅडमिंटनपटू मानसी जोशीचंही तेच. ऑगस्ट २०१९ मध्ये बासेलला पी. व्ही. सिंधू जगज्जेती झाली, देशभर जल्लोष झाला. त्याच शहरात, त्याच दिवसांत मुंबईत वाढलेली मानसीही एसएल-३ गटात जगज्जेती झाली. तिच्याकडे लक्ष गेलं ते उशिरा, आणि गेलं तेही आधी कृत्रिम पायाकडे. या गटात एकेरी अर्ध्या कोर्टवर खेळतात. ते सोपं असेल असं वाटतं, पण तसं नाही. प्रतिस्पर्ध्याला डावी-उजवीकडे फारसं पळवता येत नाही, त्यामुळे गुण मिळवायचा तो फटक्याच्या खोलीवर. जाळीलगतचा ड्रॉप, लगेच मागच्या रेषेवरचा टॉस, आणि समोरूनही तेच झेलायचं. हे डावपेच किती क्रीडापानांवर आले?

मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं. घरोघरी त्यांचं नाव पोचायला त्यांच्यावरचा २०२४ चा चित्रपट यावा लागला.

संपादकांना आणि वाहिन्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिसपर्यंत वेळ आहे. गट कसे ठरतात, एफ-४६ म्हणजे काय, हे वाचकाला आत्ताच समजावून द्या. मथळ्यात अंतर छापा, वेळ छापा. आणि आपला खेळाडू हरला तर कौतुकाच्या चार ओळींवर त्याची बोळवण करू नका. तो कुठं चुकला, तेही लिहा.