जनरेटर चालू, पण दिवे बंद: ब्रेकर सारखा का पडतो?

वीज जाते. जनरेटर धडधडत सुरू होतो, पण लिफ्ट अडकलेलीच असते आणि जिन्यात अंधार. वॉचमन ब्रेकरची दांडी वर करतो, ती पुन्हा पडते. तो पुन्हा वर करतो. हा दुसरा प्रयत्नच सगळ्यात धोक्याचा असतो.

नाशिकमध्ये हा विषय आत्ता का?

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या जाहीर वेळापत्रकानुसार ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ला आहे, म्हणजे ऐन पावसाळ्यात. गर्दीच्या वेळी वीज गेली तर रुग्णालयं, लॉज, पाण्याचे पंप यांची भिस्त जनरेटरवर असेल. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ब्रेकर बनतात, त्यामुळे शहराला ही वस्तू नवी नाही. प्रश्न देखभालीचा आहे.

ब्रेकर कधी पडतो ते बघा

दांडी वर करताच पडली, तर शॉर्ट सर्किट किंवा अर्थ फॉल्टची शक्यता मोठी. पावसाळ्यात केबलच्या जोडात किंवा पॅनेलमध्ये ओल शिरली की असं होतं. अशा वेळी पुन्हा दांडी लावू नये. आधी केबलचं इन्सुलेशन मेगरने तपासून घ्यावं.

काही मिनिटांनी पडली, तर बहुधा ओव्हरलोड. १२५ केव्हीएचा जनरेटर ४१५ व्होल्टला प्रत्येक फेजवर साधारण १७४ अँपिअर देतो. एका फेजवर २०० आणि उरलेल्या दोन्हींवर १००-१०० अँपिअर लोड असेल, तर एकूण लोड क्षमतेपेक्षा कमी असूनही त्या एका फेजमुळे ब्रेकर पडतो. इथे मोठा जनरेटर घेण्याआधी लोड तिन्ही फेजवर नीट वाटून बघावा. ढिला लगही ब्रेकर तापवतो. केबलचं टोक काळवंडलेलं दिसलं तर तेच कारण असू शकतं.

दांडी लागतच नसेल, तर तीन गोष्टी बघतात. ट्रिप झालेल्या एमसीसीबीची दांडी मध्येच थांबते. ती आधी पूर्ण खाली न्यावी लागते, मगच वर जाते. दुसरं, इंजिन फिरत असलं तरी व्होल्टेज तयार झालेलं नसतं आणि अंडरव्होल्टेज कॉइल ब्रेकर लागू देत नाही. तिसरं, महावितरणचा आणि जनरेटरचा ब्रेकर एकाच वेळी लागू नयेत म्हणून दिलेला इंटरलॉक. तो कधीही काढू नये. काढला तर जनरेटरची वीज उलट लाइनमध्ये जाते आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो.

न पडणारा ब्रेकर जास्त वाईट

सारखा ब्रेकर पडतो म्हणून त्याची सेटिंग वाढवून घेतली जाते. पण जनरेटर म्हणजे महावितरणची लाइन नव्हे. शॉर्ट सर्किट झालं तर लाइनमधून प्रचंड करंट येतो. जनरेटरचा करंट क्षणभर उसळतो आणि लगेच घटतो. सेटिंग फार वर असेल तर ब्रेकरला बिघाड कळतच नाही आणि केबल तापत राहते.

पर्यायी व्यवस्थाच संकट बनू शकते, हे मुंबईने पाहिलं आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी महानगरात वीज गेली. त्याच दिवशी मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयात जनरेटरला आग लागली आणि रुग्णांना दुसरीकडे हलवावं लागलं.

मग करायचं काय?

अनेक ठिकाणी चाचणी म्हणजे जनरेटर दहा मिनिटं रिकामा चालवणं. त्यात इंजिन आणि बॅटरी तपासली जाते, ब्रेकर नाही. म्हणून सोसायटीच्या पुढच्या बैठकीत चार प्रश्न विचारा:

– शेवटची चाचणी खऱ्या लोडवर कधी झाली?
– तिन्ही फेजचा करंट किती भरला, त्याची नोंद आहे का?
– वीज गेल्यावर पंप आणि लिफ्ट एकदम सुरू होतात की टप्प्याटप्प्याने? थेट सुरू होणारी मोटर सुरुवातीला नेहमीच्या सुमारे सहापट करंट घेते.
– ब्रेकरची सेटिंग कोणी आणि कशाच्या आधारे ठरवली?

पॅनेल उघडण्याचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच. वॉचमनला मात्र एक गोष्ट आजच सांगून ठेवा: दांडी एकदा पडली की वेळ लिहून ठेवायची आणि फोन करायचा. पुन्हा वर करायची नाही.