चाळिशीची तपासणी आणि मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या

म्हैसूरमधील हेब्बाळ हा परिसर औद्योगिक वसाहत आणि इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण संकुल यांमुळे देशाला परिचित आहे. अशा वसाहतींमधील कामगारांच्या दृष्टीने महत्त्वाची असलेली एक तरतूद नव्या कामगार संहितांमध्ये आहे. या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या असून, चाळीस वर्षांवरील कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी करणे मालकांवर बंधनकारक झाले आहे. या तपासणीचा विचार सहसा हृदय आणि मधुमेह यांच्याच अनुषंगाने होतो. मेंदूच्या दृष्टीने तिचे मोल कदाचित अधिक आहे.

मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्यांना बारीक फांद्या फुटून त्या खोल भागात उतरतात. मोठ्या धमनीतील दाब त्यांच्यापर्यंत फारसा कमी न होताच पोहोचतो. वर्षानुवर्षे वाढीव दाब सोसल्याने त्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात, रक्तपुरवठा घटतो आणि लहान लहान भाग निकामी होऊ लागतात. रक्तप्रवाह खंडित झाल्याने होणाऱ्या पक्षाघातांपैकी सुमारे एक चतुर्थांश या विकारातून उद्भवतात. स्मृतिभ्रंशाचेही ते एक प्रमुख कारण आहे. मात्र आरंभी दुखत काहीच नाही. चाल मंदावते, विचारांचा वेग कमी होतो, स्वभाव बदलतो आणि घरचे हे सारे वयाच्या खात्यावर टाकतात.

उच्च रक्तदाब हे यातील सर्वांत ठळक असे टाळता येण्याजोगे कारण. मधुमेह आणि धूम्रपान त्यात भर घालतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे ३१.५ कोटी लोकांना उच्च रक्तदाब, तर १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे.

या विकाराची मुळे चाळिशीच्याही मागे जातात. म्हैसूरच्याच होल्ड्सवर्थ स्मृती रुग्णालयाने १९३४ पासून नवजात बालकांच्या वजनाच्या नोंदी जपून ठेवल्या. तेथे जन्मलेल्या ५१७ स्त्री-पुरुषांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मतः अडीच किलो किंवा त्याहून कमी वजन असलेल्यांत हृदयविकाराचे प्रमाण ११ टक्के, तर ३.१ किलो वा अधिक वजन असलेल्यांत ३ टक्के आढळले. तो अभ्यास हृदयाचा होता, मेंदूचा नव्हे. परंतु कमी जन्मवजन आणि उतारवयात मेंदूच्या सूक्ष्म वाहिन्यांत दिसणारे दोष यांचा संबंध एडिंबरो येथील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवला. गर्भवतीच्या आहाराचा प्रश्न असा थेट वार्धक्यापर्यंत पोहोचतो.

झालेली हानी भरून येत नाही. तिचा वेग मात्र कमी करता येतो. अमेरिकेत ९,३६१ जणांवर झालेल्या चाचणीत वरचा रक्तदाब १२०च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण १४०चे उद्दिष्ट असलेल्या गटापेक्षा कमी राहिले आणि मेंदूतील पांढऱ्या भागाची हानीही मंद गतीने वाढली. हे निष्कर्ष २०१९ मधील आहेत.

म्हणूनच वार्षिक तपासणीत रक्तदाब मोजून कागदावर आकडा लिहिला, एवढ्याने कामगाराचे फारसे भले होणार नाही. औषध रोज आणि अनेक वर्षे घ्यावे लागते. त्यासाठी दवाखान्याच्या रांगेत दिवसाची मजुरी बुडत असेल तर ते मध्येच सुटते. महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने ही अडचण ओळखून निश्चित औषधयोजना, घराजवळचे आरोग्य केंद्र आणि एका वेळी महिनाभराच्या गोळ्या ही पद्धत स्वीकारली. कारखान्यातील तपासणी आणि अशी केंद्रे यांची सांगड कोणी घालायची, हे संहितेने नव्हे, तर राज्यांच्या आरोग्य आणि कामगार खात्यांनी ठरवायचे आहे.