मैलकुलीचा मैल

रस्त्याचा पहिला शत्रू पाणी, वाहन दुसरा. सार्वजनिक बांधकाम खात्यातला कुणीही जुना मुकादम हे सांगेल. डांबराचा थर वरून कितीही काळाभोर आणि तुकतुकीत दिसो, खालचा मुरूम भिजला की जड गाड्यांच्या एका हंगामात तो पापडासारखा मोडतो. म्हणून रस्ता मध्ये किंचित उंच ठेवायचा, दोन्ही अंगांना उतार द्यायचा, साइडपट्टी डांबरापेक्षा वर चढू द्यायची नाही, कडेचे चर आणि मोऱ्यांची तोंडं मोकळी ठेवायची. यात मोठं शास्त्र नाही आणि फार पैसाही नाही. लागतो तो माणूस, आणि तो बारा महिने लागतो.

असा माणूस आपल्याकडे होता. त्याला मैलकुली म्हणत, काही भागांत मैलमजूर. ठरावीक लांबीचा रस्ता त्याच्या किंवा त्याच्या गँगच्या हवाली असे. हत्यारं साधी : फावडं, कुदळ, घमेलं आणि ठोकायला धुमस. मृगाच्या आधी चर उपसायचे. पावसात कुठे पाणी तुंबलं तर साइडपट्टीला आडवा कट मारून त्याला वाट करून द्यायची. पाऊस ओसरला की कडेला मापात रचून ठेवलेल्या ढिगातली खडी घेऊन खड्डे भरायचे. उन्हाळ्यात झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे द्यायचे, मैलाच्या दगडावरचे आकडे नव्याने काढायचे. खड्डा तळहाताएवढा असतानाच त्याच्या नजरेला पडे, कारण त्या रस्त्याने तो रोज पायी जाई. आज तोच खड्डा अभियंत्याच्या नजरेला पडतो तेव्हा त्यात मोटारसायकल बसते. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा आणि कार्यादेश. तोवर दुसरा पावसाळा येतो.

या माणसांच्या नोकरीचं स्वरूपही फार काळ अधांतरीच होतं. वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबणाऱ्यांना १९६७ च्या कालेलकर करारामुळे थोडा आधार मिळाला. सलग ५ वर्षं काम केलेल्यांना रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापनेवर घ्यायचं असं ठरलं. नाव जड आहे, पण त्या नावाच्या आड खेड्यापाड्यांतली हजारो घरं चालली. पुढे माणसं निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागा रिकाम्या राहत गेल्या. काम ठेकेदाराकडे गेलं. ठेकेदार वाईटच असतो असं मी म्हणत नाही. पण त्याला डांबराचे पैसे मिळतात, चर उपसण्याचे मिळत नाहीत. जिथे पैसे नाहीत तिथे त्याचं लक्ष कशाला असेल?

आपल्याकडचा सरकारी रस्ता कुणाचा हे त्याच्या दगडावर लिहिलेलं असतं. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्यमार्गाचा. त्याखाली प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. कागदावर हेच रा.मा., प्र.जि.मा., इ.जि.मा., ग्रा.मा. होतं. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. गावकऱ्याच्या लेखी सगळे एकाच मातीचे असतात, पण पैसा या अक्षरांप्रमाणे उतरतो. शेवटच्या पायरीवरच्या गावरस्त्याला मिळतो तो उरलासुरला.

ही उतरंड ठरली ती नागपुरात. १९४३ च्या डिसेंबरमध्ये, महायुद्ध चालू असताना, देशभरातल्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते तिथे जमले आणि त्यांनी पुढच्या २० वर्षांचा आराखडा केला. नागपूर योजना म्हणून तो ओळखला जातो. रस्त्यांच्या पायऱ्या त्यातूनच आल्या. त्या आराखड्यातली एक कल्पना मला आजही मोठी वाटते : लागवडीच्या सुपीक भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा दूर नसावं. आपला माल डोक्यावर किंवा बैलगाडीतून किती लांब न्यावा लागतो, ते अंतर धरून रस्त्यांचं जाळं आखायचं, असा विचार पारतंत्र्यातल्या अभियंत्यांनी केला होता.

त्यासाठी पैसा कुठून आणायचा याचं उत्तर त्याआधी एका मराठी माणसाने दिलं होतं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि ज्यांच्या नावाचं ग्रंथालय तिथे आहे, ते १९२७ मध्ये नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते. समितीने १९२८ मध्ये स्पष्ट सांगितलं की रस्त्यांचा भार प्रांतिक सरकारं आणि लोकल बोर्डं यांच्या ऐपतीबाहेर गेला आहे, म्हणून पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचा स्वतंत्र निधी करावा. १९२९ मध्ये गॅलनमागे २ आणे कर बसला आणि केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. रस्त्यांच्या कामावर ‘सीआरएफ’ अशी अक्षरं वाचली असतील, त्यांचं मूळ तिथे आहे. पंपावर पैसे मोजणारा प्रत्येक जण तेव्हापासून रस्त्याचे पैसे भरत आला आहे. गावातला दुचाकीवाला दूधवालाही त्यात आला. म्हणून त्याचा गावरस्त्यावरचा हक्क ही कुणाची मेहेरबानी नव्हे.

रस्ता सांभाळणं ही जागच्या माणसाची विद्या कशी आहे हे पाहायचं असेल तर गुहागर–विजापूर रस्त्याने जावं. समुद्रकाठच्या गुहागराहून तो चिपळूणला येतो, पोफळीवरून कुंभार्ली घाट चढतो, कोयनानगर, पाटण करत कराडला कृष्णा–कोयनेच्या संगमाशी येतो आणि कडेगाव, जत यांच्या कोरड्या मुलखातून विजापूरला पोचतो. चिपळूणचं महत्त्व या वाटेनेच वाढलं. वाशिष्ठीच्या खाडीतून गलबतं गोवळकोटच्या धक्क्याला लागत, देशावरचा कापूस घाट उतरून तिथे येई आणि कोकणचा माल घाट चढून जाई. कोयनेचं धरण बांधलं गेलं तेव्हा या घाटाने आणखी मोठा भार पेलला. आधी राज्यमार्ग होता, आता तो राष्ट्रीय महामार्ग १६६ ई आहे.

या एका रस्त्याखालची जमीन किती वेगळी! कोकणात जांभा. त्यातून पाणी झिरपतं, पण घाटात दरड आणि माती रस्त्यावर येते, म्हणून डोंगराकडचा चर जपावा लागतो. कोयनानगरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जतकडे त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा. विजापूरकडे काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता तिच्याबरोबर वाकडातिकडा होतो. तिथे पायात चांगला मुरूम भरून माती दाबून धरल्याशिवाय डांबर टिकत नाही. घाटातल्या मैलकुलीला दरडीचं पाणी कळे, काळ्या रानातल्या मैलकुलीला भेगा कळत. एकाच साच्याचं अंदाजपत्रक दोघांनाही लावलं की दोन्हीकडे पैसा वाया जातो.

गेल्या १०–१२ वर्षांत असे कितीतरी राज्यमार्ग राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर झाले. रुंदीकरण झालं, कॉंक्रीट झालं, प्रवासाचा वेळ वाचला. त्याचं मला समाधान आहे. पण जाहीर होणं आणि काम पुरं होणं यांच्या मधल्या काळात रस्त्याला कुणी वाली राहत नाही. जुनं खातं म्हणतं आता तो आमच्याकडे नाही, नवं म्हणतं अजून ताबा आला नाही. त्या दोन-तीन पावसाळ्यांत गावातल्या माणसांची हाडं मोडतात. कडेचे वडही याच काळात जातात. चार-चार पिढ्यांनी ज्यांच्या सावलीत गाड्या सोडल्या ते वड कापायला दोन दिवस पुरतात, आणि त्यांच्या बदल्यात दुभाजकात कण्हेर लावतात.

महाराष्ट्रातले गावरस्ते खऱ्या अर्थाने वाढले ते दुष्काळात. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि जुन्या लोकल बोर्डाचे रस्ते त्यांच्या वाट्याला आले. मग दहाच वर्षांत १९७२ चा दुष्काळ पडला. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबंडिंग आणि रस्ते. आमच्या आधीच्या पिढीतल्या बायकांना विचारा, त्या ‘खडी फोडायला गेलो होतो’ एवढंच सांगतील. उन्हाच्या झळांत, फाटक्या लुगड्याचा आडोसा करून, शेजारी मूल निजवून, हातोडीने दगडाची खडी करायची. सुकडी मिळायची, आठवड्याला पगार. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांतल्या कितीतरी गावांना पहिला गाडीरस्ता या हातांनी दिला. त्या गावांत पुढे एसटी आली ती त्याच रस्त्याने.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना या अनुभवावर पक्की झाली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. कायद्याचा रोख मजुरीवर होता, आणि तो योग्यच होता. खर्चाचा मोठा हिस्सा मजुरीवर जायला हवा, साहित्यावर कमी. पण त्यामुळे रस्त्याचं मातीकाम होई, मुरूम पडे आणि मोरी, फरशी पूल, डांबर हे सगळं ‘पुढच्या टप्प्यात’ जाई. तो टप्पा कितीदा यायचाच नाही. ओढ्यावर पूल नाही, चर नाही, अशा रस्त्याचा मुरूम एका वळवाने वाहून जाई, आणि पुढच्या टंचाईत तीच माणसं त्याच रस्त्यावर तीच माती पुन्हा टाकत. या स्त्री-पुरुषांच्या घामाचं मोल ओढ्यावरच्या एका मोरीवाचून वाहून गेलं, याचं दुःख मला आजही होतं. राज्याच्या मोठमोठ्या प्रकल्पांच्या इतिहासात त्यांच्यासाठी एखादं पान असायला हवं होतं.

२५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि पहिल्यांदा गावरस्त्याला महामार्गासारखी शिस्त मिळाली. सपाट भागातल्या ५०० आणि डोंगरी, आदिवासी भागातल्या २५० लोकवस्तीपर्यंत बारमाही रस्ता न्यायचा. मोऱ्या आणि लहान पूल अंदाजपत्रकातच धरायचे. सगळ्यांत मोलाची अट अशी की ज्याने रस्ता बांधला त्यानेच पुढची ५ वर्षं तो सांभाळायचा. पुढे २०१५ मध्ये राज्याने मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आणली. नंदुरबार, गडचिरोलीच्या पाड्यांपासून सह्याद्रीच्या वाड्यांपर्यंत या रस्त्यांनी काय केलं हे बाळंतिणीला डोलीतून नेणाऱ्या घरांना विचारावं.

पण ५ वर्षं संपली की तो रस्ता पुन्हा जुन्याच पायरीवर येतो. शिवाय तो बांधला तेव्हा हलक्या वाहतुकीसाठी बांधला होता. आता त्यावरून दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर जातात, वाळूचे आणि खडीचे डंपर जातात. एका गळीत हंगामात साइडपट्टी खचते, डांबराची कड तुटते, तुटलेल्या कडेतून पाणी शिरतं. ही सगळी मोडतोड कडेपासून सुरू होते, आणि कड राखणं हे तर पूर्वी मैलकुलीचं रोजचं काम होतं.

याहीखाली एक थर आहे, ज्याला फार काळ सरकारी क्रमांकच नव्हता. पाणंद रस्ते, शिवरस्ते, गाडीवाटा. गावनकाशावर त्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, पण जागेवर जावं तर नांगराने दरवर्षी एक-एक तास पुढे सरकत त्या गिळलेल्या असतात. अडवलेली वाट खुली करून देण्याचा अधिकार तहसीलदाराला १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने दिलेला आहे. शंभर वर्षं उलटून गेली तरी तालुक्याच्या कचेरीत त्या कलमाखालचे अर्ज येतच असतात. २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी योजना शेत-पाणंद रस्त्यांसाठी आणली, हे चांगलं झालं. शेतातला माल बांधावरून ग्रामीण मार्गापर्यंत आलाच नाही, तर नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा त्या शेतकऱ्याला काय उपयोग?

माझं मागणं लहान आहे. प्रत्येक तालुक्यात गावरस्त्यांच्या कडेला राहणाऱ्या माणसांच्या हाती पुन्हा रस्ता द्यावा. उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशात ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांची नेहमीची देखभाल बचत गटांतल्या स्त्रियांकडे सोपवण्याचे प्रयोग झाले आहेत : चर साफ करणं, झुडपं तोडणं, मोऱ्या मोकळ्या करणं, लहान खड्डे भरणं. आपल्याकडे बचत गट गावोगाव आहेत, आणि १९७२ ला खडी फोडणाऱ्या बायकांच्या नातीच त्यांत बसतात. त्यांच्याशी किलोमीटरच्या हिशेबाने वर्षाचा करार करावा, पैसे दर महिन्याला द्यावेत, आणि काम मोजायला पावसाळ्यातच जावं.

तोवर वाचकांनी एक करावं. आपल्या गावाच्या रस्त्यावर ग्रामसडक योजनेचा फलक असेल तर तो नीट वाचावा. रस्त्याची लांबी, खर्च, ठेकेदार, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि पुढच्या पाचही वर्षांची देखभालीची रक्कम त्यावर वर्षागणिक लिहिलेली असते. तो आकडा टिपून घ्यावा आणि येत्या ग्रामसभेत विचारावं की यंदाच्या रकमेतून कुठला चर उपसला.